यरुशलेमच्या बंदिवानाचा शेवट

अप्पांनी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मी मराठी पाचवीत होते, आणि ती छापून घरात आली तेव्हा माझी शाळा संपली होती. अप्पा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात इतिहास शिकवायचे. युरोपातल्या राजांच्या वंशावळी त्यांना तोंडपाठ होत्या, पण स्वतः मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते. रत्नागिरीच्या झाडगावातल्या आमच्या चार खोल्यांच्या घरात ओटीवर त्यांचं उतरतं मेज होतं. त्यावर दौत, टाक आणि शाळेच्या ग्रंथालयातून आणलेली जाड इंग्रजी पुस्तकं. त्या पुस्तकांतून त्यांनी धर्मयुद्धांचा काळ शोधून काढला होता. सातआठशे वर्षांपूर्वी युरोपातले ख्रिस्ती राजे यरुशलेम जिंकायला फौजा घेऊन समुद्रापार गेले, त्या काळची ही गोष्ट. नाव ठरलं होतं ‘यरुशलेमचा बंदिवान’. नायक रेमंड. पण रेमंड सरदार नव्हता, की तलवारबहाद्दरही नव्हता. तो फौजेतला लेखनिक होता. शिपायांची पत्रं लिहायचा, रसदीच्या याद्या करायचा, आणि एका हरलेल्या लढाईत सुलतानाच्या कैदेत सापडला होता.

अप्पांचे मित्र विचारायचे, लेखनिक कशाला केलात, चांगला घोडेस्वार करायचा. अप्पा हसून विषय बदलायचे. घरात मात्र आम्ही कुणी विचारलं नाही. माझा मोठा भाऊ रघूदादा मॅट्रिक होऊन मोठ्या लढाईवर, म्हणजे पहिल्या महायुद्धात, कारकून म्हणून गेला होता. मी तेव्हा चार वर्षांची होते. तो मला खांद्यावर घेऊन मांडवीच्या बंदरात बोट दाखवायला न्यायचा, एवढंच मला आठवतं. त्याचा खांदा टोचायचा, आणि चालता चालता तो नाटकातली पदं म्हणायचा, चुकीच्या सुरात आणि अगदी मनापासून. आधी तो बसऱ्याला होता, मग मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये, मग त्याहून पुढे. शेवटचं पत्र जाफा नावाच्या बंदराजवळून आलं. इथे संत्र्यांच्या बागा आहेत आणि आमच्या घरच्या आमसुलाच्या साराची फार आठवण येते, असं त्यात होतं. त्यानंतर सरकारी कागद आला. त्यावर जो इंग्रजी शब्द होता त्याचा अर्थ अप्पांनी आईला ‘बेपत्ता’ असा सांगितला. पुढे आठनऊ वर्षं तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. रघूदादाचं ताट मांडलं जायचं नाही, पण त्याची पाटी भिंतीतल्या कोनाड्यात तशीच होती आणि दिवाळीला आई ती पुसून ठेवायची.

रविवारी दुपारी जेवणं झाली की मागीलदारी वाचन व्हायचं. आठवडाभर लिहिलेलं अप्पा वाचून दाखवत. आई चुलीजवळची कामं आवरून बाहेर यायची, पण हात रिकामे ठेवून तिला ऐकता येत नसे. कधी फणसाच्या आठळ्या सोलायच्या, कधी कुळीथ निवडायचे, उन्हाळ्यात फणसपोळीचे तुकडे उलटून घालायचे. दूरवरून पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यावरची गाज यायची. बोटीचा भोंगा झाला की आईचा हात क्षणभर थांबायचा आणि पुन्हा चालू लागायचा. आई फारशी शिकलेली नव्हती. रेमंड हे नाव तिच्या तोंडात बसेना, म्हणून ती त्याला रेमू म्हणायची. अप्पा सुलतानाच्या दरबाराचं वर्णन अगदी रंगून वाचत असायचे आणि आई मध्येच विचारायची, “रेमूला तिथे खायला काय देतात?”

अप्पा थांबायचे. “तुरुंगात काय देणार? भाकरी देत असतील.”

“कसली भाकरी? तांदळाची की नाचणीची?”

“तिकडे तांदूळ नाही.”

“आणि अंगावर पांघरायला काय आहे त्याच्या? थंडी असते ना तिकडे?”

अप्पांच्या पुस्तकांत राजांच्या चिलखतांचं वर्णन पानंच्या पानं होतं, पण कैद्याच्या पांघरुणाबद्दल अक्षर नव्हतं. पुढच्या रविवारपर्यंत शोधून सांगतो, असं ते म्हणायचे. पुढच्या रविवारीही सापडलेलं नसायचं. तेव्हा ते फार कष्टी होत. आज मला वाटतं, आईच्या या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणूनच ती कादंबरी इतकी वर्षं चालली. नाहीतर अप्पांचा हात भराभर लिहिणारा होता.

मग एक दिवस मांडवीला कुणाला तरी बोटीवर बसवून द्यायला गेले असताना अप्पांना इब्राहिमभाई भेटले. राजिवड्याचे कोकणी मुसलमान. खाडीवर पडावांची शिडं शिवायचं काम करत. ते बंदरावर बसून कुणाला तरी सांगत होते की जाफ्याचं संत्रं एवढं मोठं असतं आणि त्याची साल हातात सुटून येते. अप्पा तिथेच थबकले. इब्राहिमभाई मोठ्या लढाईत पलटणीत होते आणि पाणी वाहणाऱ्या उंटांच्या तांड्याबरोबर गाझ्यापासून यरुशलेमपर्यंत चालले होते. ज्या मुलखाबद्दल अप्पा दोन वर्षं लिहीत होते, तो मुलूख पायाखाली घातलेला माणूस आपल्या घरापासून मैलभरावर राहतो, हे त्यांना खरंच वाटेना. त्यांनी इब्राहिमभाईंना तिथूनच घरी आणलं.

तेव्हापासून रविवारचं वाचन मागीलदारी न होता पुढच्या ओटीवर होऊ लागलं. इब्राहिमभाई खांबाला टेकून बसत. बरोबर शिडाचं कापड आणि मोठी सुई असे. ऐकता ऐकता शिवत. त्यांच्यासाठी एक कप वेगळा ठेवलेला होता आणि तो ओटीच्या कोनाड्यात असायचा. तेव्हाची रीत तशी होती आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे लिहिताना आज संकोच होतो. आई माजघराच्या दाराआड बसून ऐकायची. तिचे प्रश्न मी बाहेर नेऊन विचारायचे.

“आई विचारते, तिकडे कैद्यांना खायला काय असेल?”

“गव्हाची जाड रोटी, बाय. नी ऑलिव म्हणून फळ असतंय, आवळ्यायेवढं, खारवलेलं. कांदा. नशीब असेल तर खजूर.”

दाराआडून आई म्हणायची, “खारवलेलं म्हणजे आपल्या आवळ्यासारखंच. बरं झालं. तोंडाला चव तरी येत असेल.”

अप्पांनी लिहिलेल्या किती गोष्टी इब्राहिमभाईंनी खोडायला लावल्या. अप्पांचा उंट घोड्यासारखा दौडत होता. अप्पांचं यरुशलेम वाळवंटात होतं. “नाय मास्तर, डोंगरावर हाय. हिवाळ्यात पाऊस असा की हाडं गोठतात. वाळवंट खाली राहिलं.” अप्पा मान खाली घालून टाक ओढायचे आणि नवीन लिहायचे. त्यांच्या सुलतानाचे शिपाई आधी सगळे क्रूर होते. इब्राहिमभाई त्यावर काही बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, “आमी तहानेनं पडलेलो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्यानं विहिरीचं झाकण काढून दिलं होतं. त्याची माणसं समोरच्या बाजूनं लढत होती.” त्यानंतरच्या प्रकरणांत शिपायांना घरंदारं आली, बायकामुलं आली. अप्पांना स्वतःलाही ते आवडलेलं दिसत होतं. त्या दोन उन्हाळ्यांइतके आनंदी मी त्यांना आधी किंवा नंतर पाहिले नाही. शाळेतून येताना ते मोठ्यानं बोलत यायचे आणि ते रेमंडशी बोलतात असं माझी मैत्रीण म्हणायची.

शेवटचं प्रकरण त्यांनी चैत्रात वाचलं. घरात पिकलेल्या फणसाचा वास भरला होता. त्या प्रकरणात रेमंड कैदेतून सुटतो, तापानं फणफणलेला, पायाला जखम झालेली, डोंगर उतरून एकटा जाफ्याच्या बंदराकडे चालत जातो, गलबत मिळतं, महिन्यांनी आपल्या गावच्या किनाऱ्याला लागतो, आणि घराच्या पायरीवर त्याची आई उभी असते. अप्पांनी कागद जुळवून ठेवले आणि इब्राहिमभाईंकडे पाहिलं.

इब्राहिमभाईंची सुई थांबली होती. “मास्तर, हा पोचला कसा?”

“चालत.”

“ताप आलेला, पाय फुटलेला, त्या डोंगरातनं? आमच्यातले धडधाकट होते ते नाय पोचले.”

“कादंबरी आहे, इब्राहिमभाई,” अप्पा म्हणाले. “कादंबरीत पोचतो.”

तेवढ्यात आई दाराआडून उठून ओटीवर आली. परक्या पुरुषासमोर ती अशी कधी आली नव्हती. पदर नीट करून ती अप्पांच्या मेजाजवळ खाली बसली.

“इब्राहिमभाई, एक विचारते. खरं असेल ते सांगा.”

“विचारा, वैनी.”

“आमचा रघू तुम्हाला तिकडे दिसला होता का? उंच होता. उजव्या भुवईवर व्रण होता. गाणं म्हणायची खोड होती.”

इब्राहिमभाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. “नाय दिसला,” ते म्हणाले. “पयल्या दिवसापासून वाटत होतं तुमी हे विचारणार. दिसला म्हटलं असतं तर तुमाला बरं वाटलं असतं. पण नाय दिसला.”

“मग बेपत्ता म्हणजे काय असतं ते तरी सांगा. इथे मला कुणी सांगत नाही.”

इब्राहिमभाईंनी अप्पांकडे पाहिलं.

“डोंगरात पाऊस लागला, वैनी. थंडीचा पाऊस. उंट बसले ते उठले नायत. माणसं पण तशीच. ताप यायचा नी माणूस वाटेत बसायचा. चिखलात नी काळोखात कोण कुठं मागं राहिला ते कळायचं नाय. सकाळी नावं पुकारायची. जो ओ देणार नाय त्याच्या नावापुढं तो शब्द.”

“त्यातलं कुणी परत आलेलं पाहिलंत तुम्ही?”

“मी तरी नाय बघितला.”

“म्हणजे गेला.”

“गेला, वैनी.”

आईनं मान हलवली. ती रडली नाही. “चहा टाकते,” म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिनं चहा बाहेर आणून दिला तो घरातल्या कपातून. कोनाड्यातला कप नंतर कुठे गेला मला माहीत नाही.

इब्राहिमभाई गेल्यावर अप्पा तसेच मेजापाशी बसून होते. दिवेलागणीची वेळ झाली. मी तुळशीपाशी दिवा लावून आले आणि पायरीवर बसले. आई बाहेर आली. माझ्या देखत ती दोघं असं कधी बोलली नव्हती, पण त्या दिवशी त्यांना माझं भान नव्हतं.

“तो घरी आला असं लिहू नका,” आई म्हणाली.

“तुझ्यासाठीच लिहिलं ते. तुला बरं वाटावं म्हणून.”

“माझ्यासाठी नाही लिहिलंत. तो आला असं वाचलंत की मी पुन्हा दाराकडे बघत बसेन. मला आता ते नको.”

अप्पांनी कागदांवर हात ठेवला. “सही मी केली होती,” ते म्हणाले. “त्याला वर्ष कमी पडत होतं, बापाची संमती लागत होती. त्याला नाटक कंपनीत जायचं होतं. मी म्हटलं, तोंडाला रंग फासण्यापेक्षा जग बघून ये. ज्या मुलखाचा इतिहास मी शिकवतो तो तू डोळ्यांनी बघशील. असं म्हटलं मी त्याला. तुला सांगितलं की तोच हट्ट धरून बसलाय.”

“मला ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“तो निघाला त्या सकाळपासून. पाया पडताना त्यानं सांगितलं मला. अप्पांवर रागावू नकोस म्हणाला.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर या घरात आपण दोघं राहिलो नसतो,” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, अगदी स्वयंपाकाचं काही सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, “जायचा तो जाऊ दे रेमू. पण एकटा जाऊ देऊ नका त्याला. कुणीतरी पाणी पाजू दे. एवढं करा.”

अप्पांनी आधीचं प्रकरण फाडलं नाही, नुसतं बाजूला ठेवलं. पुढचे पंधरा दिवस ते पहाटे उठून लिहीत. मऊभाताची वाटी मेजावर निवून जायची. नवीन शेवट आधीच्यापेक्षा खूप लहान झाला, जेमतेम चार पानांचा. त्यात रेमंड डोंगर उतरतो आणि समुद्र एका दिवसाच्या वाटेवर असताना एका विहिरीपाशी बसतो. विहिरीचा राखणदार म्हातारा आहे. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. म्हातारा त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओंजळीनं पाणी पाजतो आणि खुणेनं विचारतो, गाव कुठलं? रेमंड गावाचं नाव सांगतो. म्हाताऱ्याला ते उच्चारता येत नाही. तो तीनदा प्रयत्न करतो, तिसऱ्यांदा जवळजवळ जमतं, आणि रेमंडला हसू येतं. त्याच हसण्यात तो जातो. म्हातारा त्याला विहिरीशेजारी, समुद्राकडे तोंड करून पुरतो आणि रोज पोहरा ओढताना ते नाव म्हणून बघतो, विसरू नये म्हणून. बस, एवढंच.

पुण्याच्या ज्या प्रकाशकांनी आधी उत्सुकता दाखवली होती त्यांनी हस्तलिखित परत केलं. नायक मारू नये, वाचकांचा हिरमोड होतो, आणि एखादं लग्न असल्यास बरं, असं त्यांचं म्हणणं. अप्पांनी आधीचा शेवट पाठवला असता तर पुस्तक पुण्यात निघालं असतं. ते कागद मेजाच्या खणातच होते. पण त्यांनी पाठवले नाहीत. गावातल्या एका लहान छापखान्यात त्यांनी ‘यरुशलेमचा बंदिवान’ स्वतः छापून घेतली. कागद पिवळट, शाई कुठे दाट कुठे फिकी, आणि रेमंडचा दोन ठिकाणी रमेंड झालेला. एक वकील मित्र वाचून म्हणाले, “सगळं छान आहे हो, पण शेवटी तो मुसलमान राखणदार कशाला घातलात?” अप्पा म्हणाले, “तिथे तोच होता.” शाळेत कुणी विशेष बोललं नाही. बहुतेक प्रती माळ्यावर राहिल्या आणि आमच्या घरी कादंबरीचा विषय निघेनासा झाला.

त्यानंतर वर्षभरानं एका सकाळी दोन बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मंडणगडाकडच्या कुणबी बायका. हर्ण्याला बोटीत बसून रत्नागिरीला कचेरीच्या कामाला आल्या होत्या. पलटणीत गेलेल्यांच्या बायकांना तेव्हा पेन्शनीच्या कामासाठी खेपा घालाव्या लागत. कचेरीच्या आवारात त्यांना इब्राहिमभाई भेटले होते.

“लढाईवरच्या माणसाची पोथी हितंच हाय ना?” मोठी होती तिनं विचारलं.

अप्पांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्यांनी पुस्तक आणलं, ओटीवर घोंगडी टाकली. सुरुवातीपासून वाचू लागले, तर ती म्हणाली, “ते नको, मास्तर. पाणी पाजतो तेवढंच वाचा. आमची बोट हाय.”

अप्पांनी ती चार पानं वाचली. ती बाई पायांकडे बघत ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, “पुन्यांदा वाचा. नी त्या रेमाच्या जागी आमच्या घरातल्याचं नाव घ्या.”

“काय नाव?”

नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? बरोबरची तिची नणंद होती, तिनं सांगितलं. “धोंडू. नी गाव आमचं कुंबळे.”

अप्पांनी पुन्हा वाचलं. रेमंडच्या जागी धोंडू म्हटलं. राखणदारानं कुंबळे म्हणायचा तीनदा प्रयत्न केला. ती बाई उठली, अप्पांना नाही, पुस्तकाला तिनं हात लावून कपाळाला लावला, आणि दोघी बंदराकडे गेल्या.

मग अशा कितीतरी आल्या. कुणी आई असायची, तिला नाव घ्यायची अडचण नसे. एक म्हातारा बाप संगमेश्वराकडून चालत आला होता. तो ऐकताना सारखा हुंकार देत होता, गोष्टीला देतात तसा. अप्पांनी कुणाला कधी परत पाठवलं नाही. शेवटी शेवटी त्यांना दमा लागला, दोन वाक्यांत धाप लागायची, तेव्हा पुस्तक माझ्या हाती आलं. ते गेल्यावरही लोक येत राहिले आणि मी वाचत राहिले. आमच्या घरात ती चार पानं मी इतक्या नावांनी वाचली आहेत की आता या वयात सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण ती नावं एकामागून एक आठवतात. धोंडू, महादू, इसाक, सोनू, बाबल्या. त्या सगळ्यांना त्या म्हाताऱ्यानं पाणी पाजलं.

एक नाव मात्र कितीतरी वर्षं कधी घेतलं नव्हतं. अप्पांना ते जमलं नसतं आणि माझी आईला विचारायची छाती नव्हती. अप्पा गेल्यानंतर, माझं लग्न ठरल्यावर, मी सासरी जायच्या थोडे दिवस आधी, एका दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती. घरात आम्ही दोघीच होतो. ती मान वर न करता म्हणाली, “पुस्तक आण. आज आपल्याला वाच.”

“कुठून वाचू?”

“तेवढंच. रघू म्हण.”

मी वाचलं. राखणदारानं गाव विचारलं. मी रत्नागिरी म्हटलं. म्हाताऱ्याला ते म्हणता येईना. आई किंचित हसली. “कठीणच आहे, परक्या माणसाला,” ती म्हणाली. मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि पुस्तक मिटलं. सुपातल्या तांदळावर तिचे दोन्ही हात स्थिर होते.

“पाणी पोटभर प्यायला ना तो?” तिनं विचारलं.

तसं पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, “हो, प्यायला.”